युद्धातली गाणी, वाट पाहणाऱ्यांची गाणी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



युद्धाच्या काळात लोकांच्या तोंडी कोणती गाणी असतात, असं कुणी विचारलं तर आपण चटकन उत्तर देतो, वीररसाची! तुतारी, नगारा, पडघम, तलवार, रणभेरी हे शब्द आपल्याला आठवतात. शाळेत पंधरा ऑगस्टला म्हटलेली समूहगीतं आठवतात. उत्तर चुकीचं नाही, पण ते अर्धं आहे. आज मला उरलेल्या अर्ध्याबद्दल बोलायचं आहे. युद्धात समाजाचं मन काय म्हणत असतं हे पाहायचं असेल, तर त्या वेळी लाऊडस्पीकरवर काय वाजत होतं एवढं पाहून भागत नाही. लोक घरी, एकटे असताना काय गुणगुणत होते आणि युद्ध संपल्यावरही कोणतं गाणं त्यांच्यापाशी राहिलं, तेही पाहावं लागतं.

मी वरोरचा. डहाणू तालुक्यात, चिंचणी आणि वाढवणच्या मध्ये, समुद्राला चिकटून असलेलं हे गाव. पश्चिमेला मासेमारांची वस्ती, वलांड्यांवर सुकत घातलेले बोंबील, मागे वाड्या आणि त्यांच्याही पलीकडे पूर्वेला आदिवासींचे पाडे. हिमालय आम्ही भूगोलाच्या पुस्तकात पाहिलेला. तरीही माझ्या पिढीनं जी चार युद्धं अनुभवली ती आमच्या गावात आली, आणि बहुतेक वेळा ती गाण्यातून आली. पुढे मी शिक्षक झालो. मुलांना ही गाणी शिकवता शिकवता मला त्यांच्याबद्दल प्रश्न पडू लागले.

सुरुवात मी माझ्या जन्माच्याही आधीपासून करतो. महाराष्ट्राला युद्धाच्या गाण्यांची मोठी परंपरा आहे, ती म्हणजे पोवाड्याची. पोवाडा हे आपलं जुनं वर्तमानपत्रच. गावात वाचता येणारा एखादाच असे, पण शाहीर आला की लढाईची सगळी हकिकत डफाच्या तालावर सांगून जाई. विसाव्या शतकात या परंपरेला एक वेगळंच वळण मिळालं. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, अण्णाभाऊ साठे यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. वाटेगावातून मुंबईच्या गिरणगावात आलेल्या या शाहिरानं तोवर रशिया पाहिलेला नव्हता. व्होल्गा नदीकाठच्या त्या शहराशी लालबाग-परळच्या कामगाराचा काय संबंध? पण पोवाडा ऐकणाऱ्याला तो संबंध लगेच कळत होता. त्या शहरात कारखान्यातला माणूस लढत होता, आणि ऐकणाराही कारखान्यातलाच होता. दूरच्या युद्धात आपला माणूस दिसला, म्हणून ते गाणं आपलं झालं. लोकप्रिय गाण्याचं हे पहिलं लक्षण मला वाटतं. युद्ध कुठंही असो, गाणं त्यातून आपल्या ओळखीचा माणूस शोधून काढतं.

आता १९६२ कडे येऊ. २० ऑक्टोबरला चीननं हल्ला केला. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. नेफा, लडाख, तवांग, बोमडिला ही नावं गावात पहिल्यांदा ऐकू आली. मोठी माणसं रेडिओभोवती गप्प बसून असत. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य घरोघर पोचलं. राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी बायकांनी अंगावरचं सोनं काढून दिलं. शाहीर अमर शेखांचा बुलंद आवाज सभांमधून घुमू लागला. वसंत बापटांनी उत्तर सीमेचं गाणं लिहिलं. पुढच्याच वर्षी ‘छोटा जवान’ हा मराठी चित्रपट आला आणि त्यातलं गदिमांचं ‘जिंकू किंवा मरू’ शाळाशाळांत पोचलं. संगीत वसंत देसाई यांचं. हजारो मुलांनी एका सुरात गावं अशा चाली बांधण्यात त्यांचा हातखंडा होता. आमच्या शाळेच्या पटांगणावर आम्ही ते गाणं पाय आपटत म्हणत असू. समोर समुद्र होता आणि शत्रू डोंगरापलीकडे होता, पण पाय आपटताना छाती भरून यायची हे मात्र खरं.

आज मागे वळून पाहताना वाटतं, त्या आवेशाच्या तळाशी भीती होती. आपण हरतो आहोत हे मोठ्यांना कळलेलं होतं आणि मुलांना सांगता येत नव्हतं. अशा वेळी सगळ्यांनी मिळून मोठ्यानं गाणं हा धीर धरण्याचा उपाय असतो. अंधारातून चालताना आपण मोठ्यानं बोलतो, तसंच हे. म्हणून समूहगीतांना कुणी हसू नये. ज्या दिवसांत त्यांची गरज असते, त्या दिवसांत ती माणसांना उभं ठेवतात.

पण १९६२ चं म्हणून जे गाणं देशानं मनात ठेवलं ते हे नव्हे. ते गाणं शस्त्रसंधीनंतर दोन महिन्यांनी आलं. २७ जानेवारी १९६३ ला नवी दिल्लीत पंडित नेहरूंच्या उपस्थितीत लता मंगेशकरांनी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ गायलं. शब्द कवी प्रदीप यांचे आणि संगीत आपल्या पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांचं. नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आलं ही हकिकत सर्वांना माहीत आहे. त्या गाण्याची चाल नीट आठवून पाहा. ती संथ आहे. एकटी बाई हलक्या आवाजात सुरुवात करते. शत्रूला ललकारणं त्यात नाही. जे परत आले नाहीत त्यांची आठवण ठेवा, एवढंच ते गाणं सांगतं. पराभवानंतर देशाला रडायचं होतं आणि रडायला जागा मिळत नव्हती. राजकारणात दोषारोप चालू होते, वर्तमानपत्रांत अग्रलेख येत होते, पण घरातल्या माणसाचं दुःख या कशातच मावत नव्हतं. ते एका गाण्यात मावलं.

या गाण्याची आणखी एक हकिकत कमी लोकांना ठाऊक असते. प्रदीपजींनी त्याच्या मानधनाचे हक्क युद्धात वीरगती मिळालेल्यांच्या विधवांसाठीच्या निधीला देऊ केले होते. ते पैसे पोचण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयानं ध्वनिमुद्रिका कंपनीला थकबाकीपोटी दहा लाख रुपये त्या निधीला देण्यास सांगितलं. म्हणजे बेचाळीस वर्षं देश त्या गाण्यावर डोळे पुसत होता, आणि ज्यांच्यासाठी ते लिहिलं त्यांचा वाटा मात्र अडकून पडला होता. गाण्यातली भावना खरी असते, पण भावनेनं आपलं कर्तव्य पुरं होतं असं नाही, हे यातून दिसतं.

१९६५ चं युद्ध वेगळं होतं. ते आमच्या किनाऱ्याला जवळचं वाटलं, कारण सप्टेंबरच्या सुरुवातीला पाकिस्तानी नौदलानं द्वारकेवर तोफा डागल्या. गुजरातचा किनारा आणि आमचा किनारा सलग आहे, आमच्याकडच्या होड्या त्या पाण्यात जात असत. हे युद्ध आपण आत्मविश्वासानं लढलो. पण त्याच काळात पाऊस दगा देत होता, रेशनवर लाल मिलो आणि परदेशी गहू मिळत होता, आणि पंतप्रधान लालबहादूर शास्त्री देशाला आठवड्यातून एका वेळचं जेवण सोडायला सांगत होते. ‘जय जवान, जय किसान’ ही त्यांची घोषणा. तिच्यावर चित्रपट काढा असं शास्त्रीजींनी मनोजकुमारांना सुचवलं आणि त्यातून ‘उपकार’ निर्माण झाला. तो १९६७ साली पडद्यावर आला तेव्हा शास्त्रीजी हयात नव्हते. या चित्रपटातलं सर्वांत गाजलेलं गाणं कोणतं? महेंद्र कपूरनं गायलेलं, शेतीचं! त्यात तोफ नाही, बैलांच्या गळ्यातले घुंगरू आहेत. युद्ध जिंकलेल्या पण पोटाला चिमटा घेऊन बसलेल्या देशाला काय हवं होतं, ते या गाण्यानं ओळखलं. लोकांना पिकलेलं शेत पाहायचं होतं.

त्याच सतरा दिवसांत सीमेपलीकडे काय चाललं होतं? लाहोरच्या रेडिओ केंद्रात नूरजहाँ रोज नवी गाणी ध्वनिमुद्रित करत होती. हीच नूरजहाँ १९४६ साली मुंबईत ‘अनमोल घडी’साठी गायली होती, आणि तिची ती गाणी आमच्या वडीलधाऱ्यांना पाठ होती. आमच्या गावातले जुने तांडेल सांगत की रात्री खोल समुद्रात रेडिओची चकती फिरवली की मुंबईइतकीच कराचीही स्पष्ट लागे. ओळखीचा आवाज आता शत्रूच्या बाजूनं गात होता. तिथं त्या दिवसांतलं तिचं जे पंजाबी गाणं सर्वांत टिकलं, ते सुफी तबस्सुम यांनी लिहिलेलं, आईच्या तोंडचं आहे. मुलगा ही बाजारात विकत मिळणारी वस्तू नाही, असं ती आई सांगते. विचार करा, दोन देश एकमेकांशी लढत आहेत, आणि दोन्हीकडे टिकलेलं गाणं एका बाईच्या आवाजातलं, गमावलेल्या मुलांबद्दलचं आहे.

आता थोडं आकडेवारीकडे वळू. युद्धाच्या वर्षांत सर्वांत लोकप्रिय गाणी कोणती होती, याची एक चांगली नोंद आपल्याकडे आहे. ती म्हणजे बिनाका गीतमाला. दर बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर अमीन सायानींचा तो आवाज! वर्षाअखेर ते वर्षभरातल्या गाण्यांची क्रमवारी जाहीर करत. १९६२ साली पहिला क्रमांक मिळाला ‘जंगली’मधल्या रफीच्या प्रेमगीताला. १९६५ साली ‘सहेली’मधल्या मुकेशच्या, दुखावलेल्या प्रियकराच्या गाण्याला. आणि १९७१ साली ‘अंदाज’मधल्या किशोरकुमारच्या गाण्याला, मोटारसायकलवर बसून आयुष्याचा प्रवास किती सुंदर आहे असं सांगणाऱ्या! तिन्ही वर्षं युद्धाची, आणि तिन्ही गाण्यांत युद्धाचा मागमूस नाही.

हे पाहून कुणी म्हणेल की लोकांना देशाची पर्वा नव्हती. मला तसं वाटत नाही. याचं कारण मला दुसऱ्या एका कार्यक्रमात सापडलं. विविध भारतीवरचा ‘जयमाला’ आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. संध्याकाळी खास सैनिकांच्या फर्माइशीची गाणी लागत. आधी नावं आणि पलटणी वाचल्या जात. ही लांबलचक नावांची यादी आम्ही कान देऊन ऐकत असू, न जाणो आपल्या भागातलं एखादं नाव निघेल! आणि मग गाणं लागे. शाळकरी वयात मला फार आश्चर्य वाटायचं. सीमेवरचा जवान रणगीत मागेल अशी माझी अपेक्षा, आणि तो मागायचा एखादं हळवं प्रेमगीत, नाहीतर विरहाचं गाणं. पुष्कळ वर्षांनी आमच्या तालुक्यातल्या एका निवृत्त सैनिकाला मी याबद्दल विचारलं. तो हसला. म्हणाला, ‘गुरुजी, बंदूक तर दिवसभर हातात असायची. संध्याकाळी घर ऐकावंसं वाटायचं.’

म्हणजे गंमत पाहा. आम्ही घरी सुरक्षित बसलेली माणसं पाय आपटून रणगीतं म्हणत होतो, आणि ज्याच्या हातात बंदूक होती तो घराचं गाणं मागत होता. दोघांचं बरोबरच होतं. ज्याला जे नसतं ते तो गाण्यातून मागतो. घरच्यांना धैर्य हवं असतं, सैनिकाला घर हवं असतं.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. दुसऱ्या महायुद्धातलं सर्वांत प्रसिद्ध गाणं कोणतं म्हणाल, तर बहुधा ‘लिली मार्लेन’. ते मुळात हान्स लाइप या जर्मन सैनिकानं पहिल्या महायुद्धात, १९१५ साली लिहिलेली कविता. लाले आंडरसन या गायिकेनं १९३९ साली ते गायलं, तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९४१ साली जर्मनांच्या ताब्यातल्या बेलग्रेड रेडिओवरून ते रात्री लागू लागलं, आणि उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटातले जर्मन सैनिक त्याची वाट पाहू लागले. थोड्याच दिवसांत समोरच्या खंदकातले ब्रिटिश सैनिकही ते ऐकू लागले. या आघाडीवर आपले भारतीय जवानही होते. गाण्यात आहे काय? छावणीच्या दाराशी दिव्याच्या खांबाखाली उभी असलेली एक मुलगी, तिचा निरोप घेणारा सैनिक. बस्स. नाझी प्रचारमंत्री गोबेल्सला ते गाणं मुळीच आवडलं नव्हतं, त्यानं ते बंद करण्याचा प्रयत्नही केला. पण सैनिकांनी ते सोडलं नाही. आपल्या लोकांनी काय गावं हे सत्ता ठरवू पाहते, पण काय आवडावं हे तिला ठरवता येत नाही.

१९७१ साली मी अठरा वर्षांचा होतो. त्या वर्षीची पहिली भावना रागाची नव्हती, करुणेची होती. पूर्व बंगालमधून जवळजवळ एक कोटी निर्वासित भारतात आले. पत्रांवर पाच पैशांचं शरणार्थी सहाय्याचं जादा तिकीट लावावं लागे. म्हणजे वरोरहून कुणी मुंबईच्या नातलगाला चार ओळी लिहिल्या, तरी त्यात बंगालच्या निर्वासिताचा वाटा असे. १ ऑगस्टला न्यूयॉर्कमध्ये पंडित रविशंकर यांच्या सांगण्यावरून जॉर्ज हॅरिसननं बांगलादेशसाठी मोठा संगीताचा कार्यक्रम केला. निर्वासितांच्या मदतीसाठी परदेशातली तरुण मुलं तिकीट काढून गाणं ऐकायला गेली. पुढे असे मदतीचे कार्यक्रम जगभर झाले, त्याची वाट इथून सुरू झाली.

३ डिसेंबरला युद्ध पेटलं आणि किनाऱ्यावर काळोख पसरला. खिडक्यांना कागद चिकटवले, कंदिलाच्या काचा काळ्या केल्या. समुद्रात रात्री दिवा दाखवू नका, अशी ताकीद होती. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ ‘आयएनएस खुकरी’ ही आपली युद्धनौका पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला नौकेबरोबरच समुद्रात गेले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. आमच्या किनाऱ्यापासून ही जागा सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटरवर. गावातल्या म्हाताऱ्या बायका त्या बातमीनं फार कळवळल्या. युद्धाचं राजकारण त्यांना कळत नव्हतं. पण बोट बुडणं म्हणजे काय, प्रेत हाती न लागणं म्हणजे काय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

इथं मला एक गोष्ट नोंदवायची आहे. हिमालयाच्या युद्धांवर, बर्फातल्या जवानावर आपल्याकडे उदंड गाणी झाली. पण समुद्रातल्या युद्धाला, ‘खुकरी’ला गावोगाव म्हटलं जाईल असं गाणं मिळालं नाही. बर्फात पाऊल उमटतं, चौकी दिसते, झेंडा रोवता येतो. पाण्यात काहीच उरत नाही. गाण्यालाही धरायला काहीतरी लागतं, असं असेल कदाचित. समाजाच्या भावनांचं प्रतिबिंब गाण्यात पडतं असं आपण म्हणतो. ते खरंच, पण आरसा जिकडे वळवलेला असतो तिकडचंच त्यात दिसतं, हेही ध्यानात ठेवलं पाहिजे.

१९९९ च्या कारगिल युद्धापर्यंत मी जुना शिक्षक झालो होतो आणि घरोघर टीव्ही आलेला होता. युद्ध प्रथमच बैठकीच्या खोलीत दिसू लागलं. तोलोलिंग, टायगर हिल ही नावं मुलांना तोंडपाठ झाली. देशभक्तीपर गाण्यांच्या कॅसेटचा बाजारात पूर आला. सप्टेंबरात गणपती आले तेव्हा ठिकठिकाणी कारगिलचे देखावे होते, कापसाचा बर्फ आणि पुठ्ठ्याच्या तोफा. त्या मंडपांतून सर्वांत जास्त वाजलं ते गाणं कारगिलवर लिहिलेलं नव्हतंच. ते होतं दोन वर्षांपूर्वीच्या, १९९७ च्या ‘बॉर्डर’मधलं, जावेद अख्तर यांनी लिहिलेलं आणि सोनू निगम व रूपकुमार राठोड यांनी गायलेलं. विषय? घरून आलेली पत्रं. कधी येणार, असं आई विचारते, बायको विचारते, गावही विचारतं. लोकांना नव्या गाण्याची गरजच पडली नाही. हाताशी होतं त्यातलं जे मनाला लागलं ते त्यांनी उचललं. आणि पुन्हा पाहा, उचललं ते वाट पाहण्याचंच.

आता अगदी अलीकडचं. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ निरपराध माणसं मारली गेली. त्यांत आपल्या महाराष्ट्रातलीही होती. ७ मेला ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झालं आणि १० मेला गोळीबार थांबला. या थोड्या दिवसांत मोबाईलवर किती गाणी आली, त्याची गणती नाही. सकाळची बातमी दुपारी गाण्यात आणि रात्री ते गाणं रीलमध्ये. काही गाण्यांत तर माणसाचा आवाजही नव्हता, संगणकानं तयार केलेला होता. दुसरीकडे पाकिस्तानातल्या एफएम केंद्रांनी १ मेपासून भारतीय गाणी बंद केली. म्हणजे लता आणि रफीही बंद. आपल्याकडेही पाकिस्तानी गाणी आणि मालिका हटवण्याची सूचना ८ मेला निघाली.

संकटाच्या वेळी अशी पावलं का उचलली जातात, ते मी समजू शकतो. मला काळजी वाटते ती वेगाची. १९६२ चं दुःख गाण्यात यायला दोन महिने लागले, आणि म्हणून ते गाणं साठ वर्षं टिकलं. दुःखाला आतवर झिरपायला वेळ लागतो. संतापाला वेळ लागत नाही. दुपारी बातमी आणि रात्री गाणं अशी गती असेल, तर गाण्यात फक्त संतापच येणार. माझ्या नातवंडांच्या मोबाईलवर त्या दिवसांत मी बरीच गाणी ऐकली. त्यांत आई क्वचितच भेटली, पत्र तर नाहीच. त्या गाण्यांतून समाजाची एक भावना दिसली, बाकीच्या भावना मागे राहिल्या.

आणि म्हणूनच मला शेवटी आमच्या भागातली, गाण्यात न आलेली एक गोष्ट सांगायची आहे.

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरचे अनेक तरुण खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर जातात, ओखा, पोरबंदर, वेरावळला. हंगामभर काम, घरी आगाऊ उचल. समुद्रात सरहद्दीची रेषा आखलेली नसते. मासळीच्या मागे बोट पुढे जाते आणि पाकिस्तानी यंत्रणा ती पकडते. मग कराचीचा तुरुंग. त्यांच्याकडचे मासेमारही असेच आपल्याकडे पकडले जातात. २००८ च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या याद्या देतात, आणि त्यांत मासेमारांची वेगळी यादी असते. शिक्षा संपली तरी सुटका होतेच असं नाही. दोन देशांचे संबंध ताणले की ती आणखी लांबते. आपल्यासाठी युद्ध चार दिवसांत संपतं. या घरांसाठी ते याद्यांच्या तारखांवर मोजलं जातं.

माझे काही विद्यार्थी असे गेले. त्यांच्यावर कुणी गाणं लिहिलेलं नाही. ते सैनिक नाहीत, शहीद नाहीत, रील काढावी असं त्यांच्या गोष्टीत काही नाही. पण काही वर्षांपूर्वी एका पाड्यावर मी लग्नाला गेलो होतो. आपल्याकडे वारली लग्नात धवलेरी असते. ही बाई रात्रभर धवळे गाऊन लग्न लावते. देवांना बोलावते, पितरांना बोलावते, नातलगांना नावानिशी बोलावते. त्या रात्री गाता गाता तिनं नवरीच्या काकाचं नाव घेतलं आणि त्याला मांडवात यायला सांगितलं. तो तेव्हा कराचीच्या तुरुंगात होता. शेजारच्या पाड्यावरच्या माणसाला हाक मारावी इतक्या सहज तिनं ती हाक मारली. बायकांनी पदर डोळ्यांना लावला, आणि गाणं पुढं चालू राहिलं.

लोकगीत म्हणजे काय, ते मी चाळीस वर्षं वर्गात शिकवलं. पण जो आलेला नाही त्याची जागा मांडवात राखून ठेवणं हे गाण्याचं काम आहे, हे मी त्या धवलेरीकडून शिकलो. दिल्लीत लताबाईंनी तेच काम केलं, लाहोरात नूरजहाँनं तेच केलं, बेलग्रेडच्या रेडिओवरून वाजणाऱ्या त्या जर्मन गाण्यानंही तेच केलं.

श्रोतेहो, पुढच्या काळात युद्ध होऊच नये अशी आपण सारे प्रार्थना करू. पण तसा प्रसंग आलाच आणि गाणी सुरू झाली, तर ती अवश्य ऐका, मोठ्यानं म्हणा, धीर धरा. फक्त एवढं पाहा, की त्या गाण्यात वाट पाहणारं कुणी आहे का. नसेल, तर आपल्या आसपास अशी वाट पाहणारी माणसं कुठं आहेत, त्यांच्या घरी जाऊन या. यादीत नाव आलं का, एवढं विचारलंत तरी त्यांना पुरेल.